कीड नाही, तरी पू

माझ्या तोंडात किडलेला दात एकही नाही. हे कौतुकाने सांगत नाहीये. कीड असती तर पहिल्याच डॉक्टरांना कारण सापडलं असतं आणि मी फिलिंग करून गपगुमान घरी आले असते. माझ्या न किडलेल्या, न आपटलेल्या दातांच्या मुळाशी पू होत गेला, एकामागून एक, आणि तो का होतो हे कळायला चाळिशी ओलांडावी लागली.

आधी घरचं सांगते, कारण सगळं तिथूनच आलंय. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. उंची जेमतेम पाच फूट, गुडघ्यांतून बाहेर वाकलेले पाय, आणि चाळिशीतच वरची अख्खी कवळी. दात गेल्याचं बिल सगळ्यांनी तंबाखूवर फाडलं. तंबाखू ते खायचेच, त्यामुळे वाद घालायला कोणी गेलं नाही. मी आणि ताई चालायला लागलो आणि दोघींचे पाय वाकायला लागले. मुडदूस, असं निदान झालं. कॉड लिव्हर ऑइल, कोवळं ऊन, ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, सगळं झालं. उपयोग शून्य. दादा मात्र उंच, सरळ पायांचा, आजही दाताने सुपारी फोडतो. ‘या घरात मुलींचीच हाडं कच्ची’ असं आत्या म्हणायची. तिचेही पाय तसेच होते.

पुढे एका हाडांच्या डॉक्टरांनी रक्तातलं फॉस्फरस तपासलं, ते फार कमी निघालं, आणि मग खारट चवीचं फॉस्फेटचं औषध आणि ड जीवनसत्त्वाच्या बारीक गोळ्या सुरू झाल्या. पाय बरेच सरळ झाले, उरलेला बाक शस्त्रक्रियेने काढला. सोळाव्या वर्षी सांगण्यात आलं की आता उंची वाढायची ती वाढली, औषध बंद करा. त्या काळी तशीच पद्धत होती. फाइल माळ्यावर गेली. लग्न झालं, सदाशिव पेठेतल्या शाळेत नोकरी लागली, मुलगा झाला. मांड्या दुखायच्या, जिना चढताना कंबर धरायची, पण ते वयावर आणि वजनावर घालायची सोय असते.

दातांना मात्र हे ‘आजार संपला’ प्रकरण मान्य नव्हतं.

सुरुवात वरच्या पुढच्या दातापासून झाली. मधल्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा, डावीकडचा. हिरडीवर तांदळाएवढा फोड आला. दुखत नव्हता, दाबला की खारट, घाण चवीचं काहीतरी यायचं. घराजवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी काळा डाग, म्हणजे तिथलं हाड विरघळलेलं. ‘पडला होतात का कधी? लहानपणी दाताला मार?’ नाही म्हटलं. ‘आठवत नसेल,’ असं म्हणून त्यांनी कागदावर मार लिहून टाकला. न किडलेला पुढचा दात मेला की कारण मार, हे त्यांचं गणित तसं चूक नाही, बहुतेकांच्या बाबतीत तेच असतं. अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल, रूट कॅनॉल. काही महिन्यांनी खालच्या पुढच्या दाताखाली तोच प्रकार. मग उजवा सुळा. दरम्यान हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि एक दाढ हलायला लागली. आता डॉक्टरांचं लक्ष माझ्या ब्रशवर गेलं. ‘मॅडम, तुम्ही शिक्षिका. तुम्हाला मी ब्रश कसा करायचा ते शिकवायचं का?’ रिसेप्शनवर बसलेल्या दोन बायकांना ते ऐकू गेलं याचा मला दातापेक्षा जास्त राग आला होता.

पुण्यात डेंटल कॉलेजं बरीच आहेत: धनकवडी, वडगाव, आझम कॅम्पस, पिंपरी. खासगीत रूट कॅनॉलचा खर्च परवडेना म्हणून मी त्यांतल्या एका ठिकाणी गेले. कोणतं ते सांगत नाही, कारण माझ्या नशिबी आलेली मुलगी तुम्हाला तिथे भेटेलच असं नाही. कॉलेजात वेळ जातो. केसपेपर, रांग, एका विभागातून दुसऱ्यात, प्रत्येक पायरीवर मोठ्या सरांची सही. पण तिथे शिकणारी मुलं असतात आणि ती प्रश्न विचारतात. ही मुलगी एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीतलं पुढचं शिक्षण, करत होती. आधी तिने बर्फासारखं गार केलेलं कापसाचं बोंडुक एकेका दाताला लावून पाहिलं. पाच दातांना काही कळलंच नाही, त्यांतले दोन तर दिसायला अगदी ठणठणीत होते. मग हिरडीवरच्या फोडाच्या तोंडातून तिने गुलाबी रंगाची एक बारीक, लवचीक काडी आत सरकवली. ती गटापर्चाची, रूट कॅनॉल भरायला जी वापरतात तीच. ती तशीच ठेवून एक्स-रे काढला. काडी एक्स-रेत पांढरी उमटते आणि पू नेमका कुठल्या मुळापासून येतोय तिथे जाऊन थांबते. पू दाताच्या आतून येतोय की हिरडीच्या खिशातून, हेही त्यावरून कळतं. मला ते इतकं आवडलं की मी तो एक्स-रे मोबाइलवर काढून घेतला.

नंतर तिने सगळ्या जबड्याचा मोठा एक्स-रे, ओपीजी, काढायला लावला. तो प्रकाशात धरून बराच वेळ पाहिला, मला दारापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं, आणि म्हणाली, ‘काकू, तुमची उंची किती?’

चार फूट नऊ इंच. दातांच्या डॉक्टरने मला उंची विचारण्याची ती पहिली वेळ. लहानपणी मुडदूस होता का, घरात आणखी कोणाचे पाय वाकलेले आहेत का, कोणाचे दात लवकर गेले का? मी बाबांची कवळी सांगितली, ताईची सांगितली. तिने सरांना बोलावून आणलं. दोघांनी मिळून ओपीजीवर मला दाखवलं: दाताच्या आतली पोकळी, जिथे नस असते, ती माझ्या वयाच्या मानाने फार मोठी होती, आणि तिची टोकं दाताच्या माथ्यापर्यंत वर गेलेली होती. त्यांनी चिठ्ठी दिली, दातांची नव्हे, हॉर्मोन्सच्या डॉक्टरांसाठी.

एंडोक्रिनॉलॉजिस्ट बाईंनी माळ्यावरची फाइल मागवली. सकाळी उपाशीपोटी रक्त आणि त्याच वेळची लघवी, दोन्ही तपासायला दिली. रक्तात फॉस्फरस १.७. मोठ्या माणसात ते साधारण २.५ ते ४.५ असायला हवं. कॅल्शियम ठीक, अल्कलाइन फॉस्फटेज, हाडांच्या आजारात वाढतं ते, चढलेलं. लघवीतून किती फॉस्फेट वाया जातंय याचा हिशेब मांडला तर मूत्रपिंडं ते धरून ठेवतच नाहीत असं दिसलं. हा सगळा घोळ कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व एवढंच तपासून कधीच दिसला नसता. फॉस्फरस हे मुद्दाम लिहून द्यावं लागतं.

नाव कळलं: एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया, एक्सएलएच. साधारण वीस हजारांत एकाला होतो. ड जीवनसत्त्वाला दाद न देणारा मुडदूस असं त्याचं वर्णन फुलर ऑलब्राइट आणि सहकाऱ्यांनी १९३७ सालीच केलं होतं, त्यामागचं फेक्स हे जनुक सापडलं १९९५ साली. ते बिघडलं की हाडांतल्या पेशी एफजीएफ-२३ नावाचं हॉर्मोन जरुरीपेक्षा जास्त सोडतात. ते मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकायला लावतं आणि ड जीवनसत्त्वाचं शरीराच्या उपयोगी पडणारं रूपही पुरेसं बनू देत नाही. म्हणून नुसतं ऊन आणि इंजेक्शनं वाया गेली.

बाईंनी कागदावर आमच्या घराची वंशावळ काढली. आजी, तिच्याखाली बाबा आणि आत्या, बाबांखाली आम्ही तिघं. ज्यांचे पाय वाकलेले ते गोल भरले. मग म्हणाल्या, ‘बघा, वडिलांकडून दोन्ही मुलींना आणि मुलाला नाही.’ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाप आपलं एक्स प्रत्येक मुलीला देतो आणि मुलाला वाय देतो. म्हणजे बाबांच्या सगळ्या मुलींना हा आजार येणारच होता आणि दादाला येणं शक्यच नव्हतं. आई बाधित असेल तर मात्र मुलगा असो की मुलगी, पन्नास टक्के. आत्याचं वाक्य अक्षरशः खरं होतं, फक्त तिला कोणी जनुकं शिकवली नव्हती.

मग माझा मुलगा. त्याचे पाय सरळ, पण मी रात्रभर झोपले नाही. त्याची तपासणी करताना एक गोष्ट कळली ती इथे नक्की लिहायची होती: लहान मुलांचं फॉस्फरस मोठ्यांपेक्षा जास्त असतं. लॅबच्या रिपोर्टवर बऱ्याचदा मोठ्यांचीच मर्यादा छापलेली असते, आणि मुलाचं कमी असलेलं फॉस्फरस त्यात ‘नॉर्मल’ दिसतं. वयाप्रमाणे तक्ता पाहायला लावा. त्याचं वयाप्रमाणेही ठीक निघालं.

आता दातांकडे. हाडांवर उपचार झाला तर मग दात का गेले, हा माझा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर एमडीएसवाल्या मुलीने दिलं. दाताच्या पांढऱ्या आवरणाखाली डेन्टिन असतं. आमच्यात ते नीट पक्कं होत नाही, त्यात मध्येमध्ये खनिज न भरलेल्या जागा राहतात. कच्च्या विटांची भिंत आणि वर छान गिलावा, असं ते काम. गिलाव्याला बारीक तडा गेला, किंवा चावून चावून तो थोडा झिजला, की जंतू डेन्टिनमधून थेट नसेपर्यंत पोचतात, कारण नसेची टोकं तर अगदी वरच येऊन बसलेली. नस मरते, मुळाशी पू होतो, आणि बाहेरून दात सुंदरच दिसतो. पुढच्या दातांना हे जास्त होतं. हाड आयुष्यभर मोडत आणि नव्याने घडत असतं, म्हणून औषधाने ते सुधारतं. एकदा घडलेलं डेन्टिन तसं पुन्हा घडत नाही. लहानपणी औषध जितकं लवकर आणि नीट, तितके दात बरे. मोठेपणी दातांची फक्त राखण करायची.

पाच रूट कॅनॉल. त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही, ज्यांचं झालंय त्यांना माहीत आहे. तोंडावर रबरी पडदा, क्लोरीनचा वास, मुळाची लांबी मोजणाऱ्या यंत्राची पिकपिक. वेगळं एवढंच की माझे कॅनॉल रुंद असल्यामुळे स्वच्छ करायला आणि भरायला वेळ लागला, मध्ये काही आठवडे आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवलं, आणि मगच कायमचं भरलं. कॅप घालताना दात घासून लहान करावा लागतो, तेव्हा सर स्वतः येऊन उभे राहिले आणि कमीत कमी घासायला लावलं. ज्या दातांची नस अजून जिवंत होती त्यांच्या माथ्यावर आणि फटींत कंपोझिटचा, म्हणजे दाताच्याच रंगाच्या फिलिंगचा, पातळ थर देऊन ते बंद केले.

हिरड्यांचा विभाग वेगळ्या मजल्यावर. तिथली मुलगी दात आणि हिरडी यांच्यामध्ये खुणा असलेली बारीक सळई घालून खोली मोजायची आणि शेजारचा मुलगा लिहून घ्यायचा. ‘तीन, तीन, पाच. सहा, पाच, सहा.’ तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, हे पहिल्यांदाच सांगितल्यामुळे नंतर प्रत्येक आकड्याला पोटात गोळा यायचा. दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा थर असतो, हाडाशी दात बांधणारे धागे त्यात रुजतात. एक्सएलएचमध्ये तो थरही कमकुवत असतो. म्हणजे माझ्या हिरड्यांत इतरांइतकाच मळ साठला तरी नुकसान जास्त. ‘ब्रश नीट करा’ हा सल्ला बरोबरच होता, फक्त अर्धा. भूल देऊन तोंडाचा एकेक चतकोर भाग खोल साफ केला. सूज उतरल्यावर दात लांब दिसायला लागले, मध्ये फटी पडल्या, गार पाण्याने शिणका यायच्या. हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. क्लोरहेक्झिडिनच्या चुळांनी दात तपकिरी होतात, चहा पिणाऱ्यांचे जास्त, आणि मी चहा सोडलेला नाही. आता रोज रात्री फटींत बारीक ब्रश घालायचा आणि दर तीन महिन्यांनी तपासणी.

सगळ्यात पहिला, तो डावीकडचा वरचा दात, वाचला नाही. त्याच्या मुळाला उभी चीर गेली होती. दात काढल्यावर पुढे मोठं खिंडार, आणि तीन पर्याय. ब्रिज करायचा तर शेजारचे दोन दात घासायचे. म्हणजे ज्या पातळ आवरणाला जपायचं तेच काढायचं, आणि त्यातल्या एका दाताची नस अजून जिवंत आहे. इम्प्लांट करता येतो, पण तो हाडात रुजावा लागतो. आधी हाडांचा आजार औषधाने ताब्यात येऊ दे, मग सीटी स्कॅन करून पाहू, असं दोन्हीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं. एका खासगी दवाखान्यात ‘उद्या बसवून देतो’ म्हणाले होते. फॉस्फरसचा रिपोर्ट दाखवला तर म्हणाले त्याचा इथे संबंध नाही. मी तिथून उठले. तिसरा पर्याय एका दाताची काढघालीची कवळी. ती घेतली.

कवळी हातात येईपर्यंत शाळा चालूच होती, आणि नेमकी पाचवीला दंत्य व्यंजनं आली. त, थ, द, ध. जीभ वरच्या दातांच्या मागे टेकवा, असं सांगणारी बाई स्वतः खिंडारातून वारा सोडतेय. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, ‘बाई, तुमचा त वेगळा येतोय.’ हसू मलाही आलं. त्या वर्गाला उच्चारस्थानं अजून पाठ आहेत.

औषध पुन्हा सुरू झालंय. फॉस्फेट दिवसातून तीनदा, दुधाच्या चहाबरोबर नाही, कारण दुधातलं कॅल्शियम ते धरून ठेवतं. सुरुवातीला पोट बिघडतं. फॉस्फेट आणि ड जीवनसत्त्व दोन्ही जास्त झालं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साठू शकतं, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जरुरीपेक्षा जास्त काम करू लागतात, म्हणून ठरावीक काळाने रक्त, लघवी, सोनोग्राफी. मांड्यांचं दुखणं निम्म्यावर आलं, आणि ते वयामुळे नव्हतं हेही तेव्हाच कळलं. एफजीएफ-२३ला थेट अडवणारं बुरोसुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, २०१८ मध्ये युरोप-अमेरिकेत मान्यता मिळालेलं, मोठ्यांना चार आठवड्यांतून एकदा. किंमत ऐकून आम्ही दोघं नवराबायको एकमेकांकडे पाहून गप्प बसलो. दातांचा सगळा खर्च खिशातूनच गेला. मेडिक्लेमवाल्यांनी अपघात सोडून दातांचं काही बसत नाही म्हणून हात वर केले.

मला खरं खटकतं ते वेगळंच. हाडांच्या डॉक्टरांनी कधी तोंड उघडायला लावलं नाही, दातांच्या डॉक्टरांनी पाय पाहिले नाहीत, आणि सोळाव्या वर्षी औषध थांबवताना दातांकडे लक्ष ठेवा एवढं एक वाक्य कोणी सांगितलं नाही. एका मुलीने उंची विचारली म्हणून हे जुळलं. तेव्हापासून मी एकच फाइल ठेवते. हाडांचे आणि दातांचे एक्स-रे एकत्र, पहिल्या पानावर निदान मराठीत आणि इंग्रजीत, आणि खाली: न किडलेल्या दातालाही पू होऊ शकतो, फोड आला तर नुसत्या अँटिबायोटिकवर सोडू नये, एक्स-रे काढावा, दात घासण्यापूर्वी नसेची टोकं पाहावीत. नव्या डॉक्टरांना पहिलं पान आवडत नाही. वाचतात मात्र.

ताईने साताऱ्यात तपासणी करायला नकार दिला होता. ‘माझे दात गेलेत, आता नाव कळून काय करू?’ पण तिच्या धाकटीला चौदावं लागलंय आणि तिचे गुडघे बाहेर जातात. शेवटी मुलीसाठी म्हणून आली. मुलीचं फॉस्फरस कमी निघालं, औषध सुरू झालं, आणि पुण्यातल्याच त्या कॉलेजात तिच्या पुढच्या दातांना थर देऊन झाले. दाढांचं काम दिवाळीच्या सुट्टीत आहे. परवा फोनवर तिने विचारलं, ‘मावशी, अठरा झाल्यावर हे खारट औषध बंद होईल ना?’ मी तिला सांगितलं की ते तेव्हा डॉक्टर ठरवतील, आणि बंद झालं तरी ओपीजी दर वर्षी काढायचा. ती ‘ई’ म्हणाली आणि फोन ताईकडे दिला.